ताट वेगळे करून क्षय थांबत नाही

वस्तीतल्या कोणत्याही मेडिकलच्या दुकानात काचेमागची पहिली फळी पाहा. ताकदीची पावडर, च्यवनप्राश, ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असे ठळक अक्षरांत छापलेली सरबते. नाक्यावर दोन दिवस काम न मिळालेला बापही खोकणाऱ्या पोरासाठी यातली एखादी बाटली उधारीवर नेतो. त्या बापाच्या मायेला आम्ही नावे ठेवणार नाही. बाटली विकणाऱ्याला मात्र जरूर ठेवू. कारण तेवढ्या पैशात त्या पोराला पंधरा-वीस दिवस रोज एक अंडे मिळाले असते, आणि अंड्यातून त्याच्या शरीराला जे मिळते ते त्या रंगीत पाण्यात नाही.

‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द 2020 च्या साथीत घराघरात पोचला. काढे उकळले गेले, आर्सेनिक अल्बमच्या गोळ्या वस्त्यावस्त्यांत वाटल्या गेल्या, पुढाऱ्यांनी त्यावर आपले फोटो लावले. त्या गोळ्यांनी करोना रोखला असे कोणत्याही नीट केलेल्या चाचणीत सिद्ध झालेले नाही. उलट त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीतून जे औषध गंभीर रुग्णांचे प्राण वाचवताना दिसले, ते होते डेक्सामेथासोन. हे जुने, स्वस्त औषध प्रतिकारशक्ती वाढवत नाही, तिला शांत करते. प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांमध्ये विषाणूपेक्षा शरीराचा स्वतःचाच भडका फुप्फुसाला जास्त जाळत होता. संधिवाताचा एक प्रकार, दमा, अंगावर उठणारी पित्ते हीसुद्धा प्रतिकारशक्तीची चुकलेली किंवा अतिरेकी कामे आहेत. म्हणजे ‘जितकी जास्त तितकी चांगली’ हे जाहिरातीचे गणितच खोटे आहे. ती योग्य वेळी जागी व्हावी, शत्रू ओळखावा आणि काम झाल्यावर थांबावी, एवढेच आपल्याला हवे असते.

ती काम कसे करते हे समजून घ्यायला शास्त्राची पदवी लागत नाही. कातडी ही पहिली भिंत. नाकातला शेंबूड, श्वासनळीतले बारीक केस, पोटातले आम्ल ही दारावरची राखण. यातून जंतू आत शिरलाच तर रक्तात आणि पेशीजालात गस्त घालणाऱ्या भक्षक पेशी त्याला गिळतात. त्या गिळलेल्या जंतूचे तुकडे मानेतल्या, काखेतल्या, जांघेतल्या गाठींपर्यंत नेले जातात. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, आपण म्हणतो ‘अवधान आले’. तिथे आत अक्षरशः ओळखपरेड चालू असते. लाखो पेशींमधून त्या एका जंतूला नेमकी ओळखणारी पेशी शोधली जाते, तिची संख्या वाढवली जाते. त्यातल्या काही प्रतिपिंडे तयार करतात, काही थेट रोगट पेशींना मारतात. याला काही दिवस लागतात, म्हणूनच पहिल्यांदा होणारा आजार जास्त काळ अंगावर राहतो. आजार गेल्यावरही यातल्या काही पेशी आठवण ठेवून वर्षानुवर्षे जगतात. लस म्हणजे आजार न होताच ही आठवण करून देणे.

आता जाहिरातीत कधीच न येणारी गोष्ट. या पेशी हवेतून येत नाहीत. हाडांच्या मगजात दररोज अब्जावधी नव्या पेशी घडतात. त्यांना प्रथिने लागतात, लोह, जस्त, अ जीवनसत्त्व लागते. हे सगळे ताटातून येते. ताटात नुसता भात आणि पातळ कालवण असेल तर शरीर आधी हृदय, मेंदू चालवते आणि संरक्षणाच्या खात्यात कपात करते. सरकारे आरोग्याच्या खात्यात करतात तशीच.

ही कपात कुठे दिसते? क्षयरोगात. या पानावर आम्ही अनेक आजारांवर लिहितो, पण शरीराची संरक्षणव्यवस्था आणि माणसाची परिस्थिती यांचे नाते इतके उघडे करून दाखवणारा दुसरा आजार नाही.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी जगापुढे मांडला. क्षयाचा रुग्ण खोकतो, बोलतो, तेव्हा हा जंतू बारीक थेंबांतून हवेत जातो आणि कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगत राहतो. दुसऱ्याच्या श्वासातून तो फुप्फुसाच्या टोकाच्या फुग्यांपर्यंत पोचतो. तिथली भक्षक पेशी त्याला गिळते. इथे इतर जंतू मरतात, हा मरत नाही. ज्या पेशीने त्याला गिळले तिच्याच पोटात तो मुक्काम करतो. मग शरीर दुसरा मार्ग धरते. चारी बाजूंनी पेशी गोळा होतात आणि जंतूभोवती गाठीसारखी भिंत बांधतात. जंतू आत कोंडला जातो, जिवंत पण निपचित. जगातल्या सुमारे चौथा हिस्सा लोकांच्या शरीरात हा जंतू कधी ना कधी शिरलेला आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांपैकी शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच पुढे आयुष्यात क्षय होतो. बाकीच्यांची भिंत टिकते. त्यांना खोकला नसतो, ताप नसतो आणि त्यांच्यापासून कोणाला लागणही होत नाही.

तेव्हा खरा प्रश्न जंतू कोणाच्या अंगात शिरला हा नाही. भिंत कोणाची कोसळते, हा आहे. एचआयव्ही असणाऱ्याची कोसळते, कारण त्या विषाणूचा हल्ला भिंत बांधणाऱ्या पेशींवरच असतो. ताब्यात नसलेल्या मधुमेहाने भिंत ठिसूळ होते. दारूने, बिडीने होते, दगडखाणीतल्या धुळीने होते. पण आपल्या देशात क्षयाला सर्वांत जास्त हात देणारे कारण आहे कुपोषण. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि दरवर्षी तीन लाखांच्या आसपास माणसे या बऱ्या होणाऱ्या आजाराने मरतात. ही माणसे कोणत्या वस्तीत राहतात, हे या मासिकाच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

भाकरीचा आणि या भिंतीचा संबंध आता कोणी अंदाजाने सांगत नाही. झारखंडमध्ये 2019 ते 2022 या काळात डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रेशन्स’ नावाची चाचणी केली. 2,800 क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरातली दहा हजारांहून जास्त माणसे तिच्यात होती. औषध सर्वांना सरकारीच. शिधा सगळ्या रुग्णांना मिळाला. पण निम्म्या गटात घरातल्या इतर माणसांनाही दरमहा माणशी 5 किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या गेल्या. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, त्या घरांत नवे क्षयरोगी 39 टक्क्यांनी कमी झाले. फुप्फुसाचा, पसरणारा क्षय तर 48 टक्क्यांनी. रुग्णांमध्येही असे दिसले की पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांचा मृत्यूचा धोका निम्म्याहून खाली आला. हे निष्कर्ष ऑगस्ट 2023 मध्ये लॅन्सेटच्या नियतकालिकांत छापून आले. दीड किलो डाळ! इतकी साधी गोष्ट.

येथे एक गैरसमज होऊ नये म्हणून जुनी चाचणीही सांगतो. 1956 मध्ये मद्रासला सुरू झालेल्या अभ्यासात काही क्षयरुग्णांना रुग्णालयात चांगला आहार, विश्रांती आणि औषध दिले, तर काहींना त्यांच्या गरीब घरातच ठेवून फक्त औषध दिले. घरी राहिलेले, कमी खाणारे रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले. आणि त्यांच्या घरच्यांना त्यामुळे जास्त लागण झाली असेही दिसले नाही. अर्थ स्पष्ट आहे. झालेला क्षय बरा करते ते औषध, तेथे अंड्या-दुधाने भागत नाही आणि एक दिवसही खाडा चालत नाही. क्षय होऊच न देण्याचे, आणि अगदी खंगलेल्या रुग्णाला जगवण्याचे काम अन्न करते. ‘गोळ्या गरम पडतात, आधी ताकद येऊ दे’ म्हणून औषध थांबवणाऱ्या सासू-सासऱ्यांनी हे नीट वाचावे.

आता सरकारकडे वळू. क्षयरुग्णाला पोषणासाठी एप्रिल 2018 पासून महिना 500 रुपये मिळत होते, नोव्हेंबर 2024 पासून ते 1,000 रुपये झाले. वाढले ते चांगलेच झाले. पण घरातल्या इतरांचे काय? झारखंडने दाखवले ते तर घरासाठी होते. अन्न सुरक्षा कायद्याने माणशी 5 किलो धान्य दिले, डाळ दिली नाही, तेल दिले नाही. नुसत्या तांदूळ-गव्हावर पोट भरते, भिंत उभी राहत नाही. पन्नास किलो वजनाच्या माणसाला दिवसाला चाळीस ते पन्नास ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, मूठभर शेंगदाण्यांत तितकीच, वाटीभर घट्ट वरणात त्याहून थोडी जास्त. आणि याच महाराष्ट्रात शाळेतल्या पोरांना नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्यातून एक अंडे सुरू झाले, ते जानेवारी 2025 मध्ये सरकारने आपल्या खर्चातून काढून टाकले. हवे असेल तर लोकवर्गणीतून द्या म्हणे. अंड्याने कोणाच्या भावना दुखावतात आणि अंडे नसल्याने कोणाची पोरे खंगतात, या दोन यादीतली माणसे वेगवेगळी आहेत. ज्यांच्या घरी दूध-तूप आहे, त्यांनी आपल्या पोरांच्या ताटातले अंडे ठरवायचे हा न्याय आम्हाला मान्य नाही. स्वस्त मांसावर 2015 पासून आलेली बंदीही याच न्यायाची.

सरकारला सुनावून झाले. आता घरात पाहू. सुकट, जवळा, बोंबील, वजडी, हरभरे, मटकी, शेंगदाणे ही आपल्या आज्यांची ताकदीची औषधे होती. आज ती ‘गरिबाचे खाणे’ म्हणून पाहुण्यापुढून लपवली जातात आणि बिस्किटाचा पुडा पुढे केला जातो. हे आम्हाला पटत नाही. त्याहून न पटणारी गोष्ट अशी की आपल्या अनेक घरांत बाई अजूनही शेवटी जेवते. भिंतीवर माता रमाईंचा फोटो असतो, आणि त्याच भिंतीखाली सून तळाचा रस्सा आणि करपलेली भाकरी घेऊन बसते. कालवणातले तुकडे आधी पुरुषांच्या, मग मुलांच्या, उरले तर मुलींच्या ताटात. रक्त कमी असलेली ती बाई कोंदट खोलीत दिवसभर असते आणि घरातल्या खोकणाऱ्याची सेवाही तीच करते. तिची भिंत कोसळली तर नवल काय?

आणि मग तिचे ताट वेगळे होते.

यावर आम्ही जरा कडक लिहिणार आहोत. चहाच्या हॉटेलाबाहेर टांगलेली वेगळी कपबशी ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी सोसली, ज्यांच्यासाठी बाबासाहेबांनी 20 मार्च 1927 ला महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या आपल्याच घरांत क्षय झालेल्या सुनेचे ताट, पेला, गोधडी वेगळी होते. तिला माहेरी धाडले जाते. मुलीचे लग्न मोडेल म्हणून गोळ्या पिठाच्या डब्यात लपवल्या जातात. क्षय ताटातून पसरत नाही. पेल्यातून नाही, कपड्यातून नाही, हात लावल्याने नाही. तो हवेतून पसरतो. वेगळ्या ताटाने फक्त माणूस तुटतो, जंतूचे काहीच बिघडत नाही. करायचेच असेल तर खिडकी उघडा, रुग्णाने तोंडाला रुमाल किंवा मास्क लावावा आणि पहिल्या दिवसापासून गोळ्या घ्याव्यात. जंतूला लागू पडणारे औषध सुरू झाले की साधारण दोन आठवड्यांत बहुतेकांपासून लागण होणे थांबते. मग कसले वेगळे ताट?

विनयपिटकातल्या महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा आहे. पोट बिघडलेला तो भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता, सोबतचे कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला आंघोळ घातली, उचलून बिछान्यावर ठेवले. मग संघाला बोलावून रुग्णाची सेवा म्हणजे माझीच सेवा, अशा अर्थाचा उपदेश केला. पंचशील म्हणणाऱ्या घरात रुग्ण कोपऱ्यात पडून राहत असेल तर ही कथा एकदा विहारात वाचावी. याच ओघात आणखी एक बोलतो, रागावू नका. परित्राण पाठाचा धागा मनगटावर बांधल्याने मनाला धीर येतो, येऊ द्या. पण धाग्याच्या भरवशावर बेडका तपासणी टाळणे हे धम्मात बसत नाही. कोणी सांगितले, परंपरेने आले, म्हणून मानू नका, पारखून घ्या, हे कालामांना कोणी शिकवले होते?

खिडकी उघडा म्हटले खरे, पण खिडकी असायला तर हवी. मुंबईत मानखुर्द-गोवंडी भागात झोपड्या हटवून ज्या पुनर्वसनाच्या इमारती उभ्या केल्या, त्या एकमेकींना इतक्या चिकटून आहेत की खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावावा लागतो. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड इथल्या अभ्यासात ऊन-वाऱ्याचा अभाव आणि क्षय यांचे नाते पुढे आले. पक्के घर मिळाले, हवा गेली. पुढे आपल्या वस्तीच्या पुनर्विकासाचे कागद येतील तेव्हा चौरस फुटांबरोबर दोन इमारतींमधले अंतरही विचारा. बिल्डरला हा प्रश्न आवडत नाही, म्हणून तो मोठ्याने विचारा.

लसीबद्दल थोडक्यात. जन्मल्यावर दंडावर टोचतात ती बीसीजी 1921 पासून वापरात आहे. ती बाळाला मेंदूच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या क्षयापासून चांगले वाचवते, मोठ्या माणसाच्या फुप्फुसाच्या क्षयावर मात्र तिचा भरवसा धरता येत नाही. म्हणून ‘लहानपणी टोचले आहे, मला टीबी होणार नाही’ हे खरे नाही. आणि गोवराच्या दोन्ही लसी, नवव्या महिन्यानंतरची आणि सोळाव्या महिन्यानंतरची, चुकवू नका. गोवर अंगावरच्या पुरळाबरोबर जात नाही. तो आधीच्या आजारांची आठवण ठेवणाऱ्या पेशी मारतो, आणि मग पोर पुढचे काही महिने, कधी वर्षे, न्यूमोनिया-जुलाबाला उघडे पडते. 2022 च्या शेवटी गोवंडीत गोवराची साथ आली तेव्हा लहान मुले दगावली. त्यांतली बरीच लस न मिळालेली होती.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी येणारा ताप, वजन उतरणे, रात्री घाम, बेडक्यात रक्त, यांतले काहीही असेल तर पालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात बेडका तपासा. फोटो काढा. तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहेत. आता बहुतेक ठिकाणी ट्रूनॅट किंवा सीबीनॅट यंत्रावर काही तासांत निदान होते, औषध लागू पडेल की नाही तेही कळते. ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यात घडलेले आहे. साधा क्षय सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. घरात एकाला क्षय निघाला तर बाकीच्यांनीही तपासून घ्यावे. ज्यांना आजार नाही त्यांना भिंतीआडचा जंतू मारण्यासाठी प्रतिबंधक गोळ्या मिळतात, काही प्रकारांत आठवड्यातून एकदा, तीन महिने. त्या आशाताईंकडे मागा. ‘धडधाकट माणसाला गोळ्या कशाला’ म्हणून नाकारू नका.

कंत्राटी सफाई कामगार, कारखान्यातले हेल्पर यांनी पगारपत्रकावर ईएसआयची कपात होते का, पाहून ठेवावे. या विम्याचा पाया घालणारा अदारकर अहवाल 1944 मध्ये आला तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. पुढे 1948 मध्ये कायदा झाला. त्यातल्या दीर्घ आजारांच्या यादीत क्षयरोग आहे, आणि अटींत बसणाऱ्या कामगाराला रजेच्या काळात पगाराचा मोठा हिस्सा मिळतो. कित्येक कामगार हे न कळल्याने खोकत खोकत झाडू मारत राहतात.

जयंतीच्या वर्गणीतून डीजेचे भाडे जाते, त्यावर आम्ही मागे लिहिले होते आणि काही तरुणांनी नाराजीही कळवली होती. या खेपेला मागणी लहान आहे. विहारात एक वजनकाटा ठेवा. रविवारी वंदनेनंतर सगळ्यांनी त्यावर उभे राहावे, पोरींनी आणि सुनांनी आधी, आणि कोणी उपासिकेने वहीत नाव-वजन लिहावे. सलग दोन महिने ज्याचे वजन उतरले, त्याला घेऊन सोमवारी दवाखान्यात जायचे. ज्या घरात औषध चालू आहे, त्या घरी दर महिन्याला दोन किलो डाळ, एक किलो शेंगदाणे आणि तीस अंडी विहारातर्फे पोचवायची. ती पोचवायला जाल तेव्हा दारातून परत फिरू नका. आत बसा, त्या रुग्णाच्याच हातचा चहा घ्या.